काकांच्या गाडीचा उजवा डोळा अर्थात हेडलाइट लेव्हलिंगमधला बिघाड

मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की आपल्यासारख्या प्रत्येकाचा एक व्हायवा होतो. एक्स्टर्नल असतात गावातली मंडळी. बोअरची मोटर का जळली, इन्व्हर्टरची बॅटरी का टिकत नाही, मिक्सरमधून वास का येतो. 'आम्हाला हे सिलॅबसला नाही' हे उत्तर तिथं चालत नाही, आणि मी तर इलेक्ट्रिकलचा. या व्हायव्यात मी एकदा सपशेल नापास झालो. नापास व्हायची आपल्याला सवय आहे, त्याचं एवढं काही नाही. पण त्यात काकांचे बाराशे रुपये गेले, आणि त्याच्या आधी एक माणूस आमच्या गाडीपायी मरता मरता वाचला. म्हणून हा लेख.

सेनगाव हे आमचं तालुक्याचं गाव, जिल्हा हिंगोली. होस्टेलवर नाव सांगितलं की पहिला प्रश्न 'हे कुठं आलं?' असाच येतो, म्हणून सांगून ठेवतो. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे सोयाबीनची धांदल असते. काकांची बारा वर्षांची हॅचबॅक आहे. मागची सीट पाडली की तीन कट्टे बसतात. टेम्पोवाला वेळेवर आला नाही की काका हाच उद्योग करतात. त्या दिवशी हिंगोलीच्या मोंढ्यात नंबर लवकर लागावा म्हणून आम्ही पहाटे साडेचारला निघालो. मागं तीन कट्टे, पुढं काका आणि मी.

नर्सी नामदेवच्या अलीकडे समोरून एक मोटारसायकल आली. नवरा, बायको आणि मधे लहान पोरगं. आमचे दिवे डिमवर होते. तरी तो लांबूनच अप्पर-डिप्पर करायला लागला. काका म्हणाले, "डिमवरच तर हाय, अजून काय करू?" आणि तेवढ्यात तो माणूस सरळ साईडपट्टीच्या खाली उतरला. गाडी घसरली, तिघं आडवे झाले. नशीब चांगलं, खाली मऊ माती होती. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आम्ही धावत गेलो तर तो काकांवर ओरडला, "डोळ्यात सर्चलाइट मारता का? रस्ता दिसलाच नाही मला!" काका हात जोडून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी काकांना असं उभं राहिलेलं बघितलं.

परत येताना काका इतकंच म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलचा ना? बघ बरं काय झालंय ते."

नाक वर गेलं की काय होतं

आधी थोडं गणित. लो बीमचा, म्हणजे आपल्या डिमच्या प्रकाशाचा, वरचा काठ सरळ पुढं जात नाही. तो पुढं जाता जाता थोडा थोडा खाली उतरला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या रेग्युलेशनमध्ये, दिवा जमिनीपासून ८० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल तर, हा उतार सुरुवातीला १ ते १.५ टक्के ठेवायला सांगितलं आहे. आपल्याकडे दिव्यांची जागा नि उंची वगैरेचे नियम एआयएस-००८ या मानकात आहेत. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर खाली. लक्षात ठेवायला एवढं पुरे.

आता मागं तीन कट्टे टाका. आमच्या गाडीच्या दोन्ही चाकांमधलं अंतर धरा २.४ मीटर. मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त ४ सेंटीमीटर जास्त बसली तरी गाडी जवळजवळ १ अंशानं कलते. १ अंश म्हणजे उताराच्या भाषेत १.७५ टक्के. म्हणजे जो काठ १ टक्का खाली जात होता तो आता पाऊण टक्का वर जातो. दिवा ६५ सेंटीमीटर उंचीवर असेल तर १०० मीटरवर तो काठ पोचतो ६५ अधिक ७५, म्हणजे १४० सेंटीमीटरवर. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथंच असतात! चार सेंटीमीटर आणि तीन कट्टे, बस्स एवढाच हिशोब. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं.

यासाठीच डॅशबोर्डवर ०, १, २, ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. आपल्यापैकी निम्म्या लोकांना ते मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटन वाटतं. (मलाही वाटायचं.) गाडी रिकामी असेल तर ०, मागं ओझं असेल तर २ किंवा ३. ही कल्पना काही नवी नाही. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सिट्रोएनची 'टू-सी-व्ही' ही गाडी मुळात शेतकऱ्यांसाठी म्हणून काढलेली. तिचं सस्पेन्शन इतकं मऊ की ओझं टाकलं की नाक वर. म्हणून ड्रायव्हरला आतूनच नॉब फिरवून दिवे खाली-वर करता येत. तिथं सगळं काम मेकॅनिकल होतं, वायरचा संबंध नाही. आपल्या गाड्यांत त्या जागी मोटर आली, आणि मोटर आली म्हणजे तिच्याबरोबर आपण आलो.

आतलं यंत्र म्हणजे आपला व्हीटस्टन ब्रिज

प्रत्येक दिव्याच्या मागं मुठीएवढी एक मोटर बसवलेली असते. तिला तीन वायर: बारा व्होल्टचा प्लस, अर्थ, आणि सिग्नल. डॅशवरचं चाक म्हणजे रेझिस्टन्सची शिडी. ते बॅटरीच्या व्होल्टेजचे भाग पाडून सिग्नलच्या वायरवर सोडतं. मोटरीच्या डबीत गिअर, एक लहान पॉटेन्शिओमीटर आणि कंपॅरेटर आयसी. दांडा पुढं-मागं सरकला की पॉटेन्शिओमीटर फिरतो. आयसी बघते की सिग्नल आणि पॉटेन्शिओमीटर यांची व्होल्टेज सारखी आहेत का. नसली तर मोटर फिरवते, झाली की थांबवते. पहिल्या वर्षाला आपण गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायला जी झटापट करतो, तीच इथं मोटर आपोआप करते. यात एक गंमत आहे. दोन्ही बाजू एकाच बॅटरीचे भाग मोजत असल्यामुळे इंजिन बंद असताना १२ व्होल्ट असो की चालू असताना १४, दिव्याची जागा बदलत नाही.

आमच्या गाडीत मी मोजले तेव्हा सिग्नल ० वर १०.६, १ वर ८.८, २ वर ७.१ आणि ३ वर ५.२ व्होल्ट होता. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, काही ठिकाणी तर उलटे असतात. त्यामुळे हे पाठ करू नका. चाक फिरवल्यावर पायऱ्या पडतात की नाही, हे महत्त्वाचं.

तपास, आणि माझी चूक

संध्याकाळी आम्ही गाडी एका धान्याच्या गोदामासमोर सपाट जागेवर लावली. भिंत चुन्याची पांढरी, अंतर पावलांनी नव्हे तर टेपनं मोजून १० मीटर. दिवे लावले, चाक ० पासून ३ पर्यंत फिरवलं. डावीकडचा उजेडाचा पट्टा शहाण्यासारखा खाली उतरला. उजवीकडचा जागचा हलला नाही.

इथंच निम्मा तपास होतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दोन्ही दिवे हलत नसतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात: फ्यूज, चाक, किंवा तिथपर्यंतचा प्लस. एकच हलत नसेल तर फ्यूज आणि चाक दोन्ही निर्दोष. दोष त्याच बाजूच्या कनेक्टरमध्ये, वायरमध्ये, मोटरीत किंवा दांड्यात. शिवाय आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे समोरच्याच्या जवळ असतो तो आपला उजवा दिवा. नेमका तोच अडकलेला!

मग बॉनेट उघडून कान लावला. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि पट्टा हलत नाही, असं असेल तर बिघाड मेकॅनिकल समजावा. दांड्याच्या टोकाचा गोळा रिफ्लेक्टरच्या खोबणीतून निसटलेला असतो, नाहीतर प्लास्टिकचा गिअर झिजलेला असतो. आमच्या मोटरीचा आवाज विचित्र होता. चाक ० वरून वाढवलं की नुसती मंद गुणगुण. परत एकेक घर मागं आणलं की कधी किर्र किर्र. दांडा मात्र ढिम्म. हा किर्र आवाज मी वहीत लिहून ठेवला आणि त्यावर काहीच विचार केला नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'ऑब्झर्वेशन' लिहितो तसंच.

मग काढला माझा पिवळा मीटर. कनेक्टर मोटरीपासून सोडवला, प्लस आणि अर्थच्या पिनांमध्ये मोजलं: १२.३ व्होल्ट. उत्तम. सिग्नलच्या पायऱ्या बरोबर. अर्थची पिन आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी लावली, बझर वाजला. शिवाय उजव्या दिव्याचा बल्ब लखलखीत पेटत होता, म्हणजे त्या बाजूचा अर्थ चांगलाच असणार. तिन्ही वायरी ठीक, मग उरलं काय? मोटर! मी काकांना ऐटीत सांगितलं, "मोटर गेली." शेजारचे दोन-चार जण उभे होते, त्यांच्यासमोर सांगितलं.

काकांनी नांदेडहून जुन्या मालातली मोटर मागवली. बाराशे रुपये. बसवली. चाक फिरवलं. गुणगुण, किर्र किर्र, आणि ढिम्म.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. वास्तविक आधी डावी मोटर काढून उजवीकडं लावून बघायची होती. पंधरा मिनिटांचं काम, फुकट. डावीकडची चांगली मोटरही उजवीकडं किरकिरली असती तर तिथंच कळलं असतं की मोटरीचा गुन्हा नाही. पण तीन आकडे बरोबर आल्यावर चौथं बघायची बुद्धी होत नाही.

एकवीस वॅटचा बल्ब

आमच्याकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मामा आहेत. ते आले, माझा मीटर बघितला आणि बाजूला ठेवला. त्यांच्या पिशवीत इंडिकेटरचा एक बल्ब होता, दोन वायरी डागलेला. कनेक्टरच्या त्याच दोन पिनांना, जिथं मी १२.३ व्होल्ट मोजले होते, त्यांनी बल्ब लावला. बल्ब पेटला नाही. नुसती तार लाल झाली असती तरी चाललं असतं, तीही नाही. मग त्यांनी अर्थकडची वायर सोडून थेट बॅटरीच्या मायनसला टेकवली. बल्ब फटकन पेटला.

"मीटरला काय लागतंय?" मामा म्हणाले. "त्याला घोटभर पाणी पुरतंय. मोटरला घागर लागती. अर्थ खराब हाय तुझा."

मित्रहो, हे वाक्य आपल्या भाषेत असं. मीटरचा इनपुट रेझिस्टन्स मेगाओहमध्ये. वाटेत ३० ओहमचा गंजलेला जोड असला तरी त्यातून करंटच जात नाही, मग व्होल्टेज पडणार कुठं? १२.३ दिसणारच. पण मोटरीला फिरताना पाव ते अर्धा अँपिअर लागतो. पाव अँपिअर गुणिले ३० ओहम, साडेसात व्होल्ट त्या जोडातच खलास. आणि बझर? स्वस्त मीटरचे बझर बहुधा काही दहा ओहमपर्यंत वाजतात. म्हणजे ३० ओहमलाही 'ठीक आहे' म्हणून मोकळे. त्याऐवजी मी ओहमचा आकडा वाचला असता तरी पकडलं असतं.

मग मी लाज सोडून मीटर पुन्हा हातात घेतला आणि जी चाचणी आधी करायला हवी होती ती केली. कनेक्टर मोटरीला जोडलेलाच ठेवला. मागच्या बाजूनं, वायरीचं प्लास्टिक न फोडता, अर्थच्या पिनेपर्यंत टाचणी सरकवली. मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल टाचणीवर. मोटर निवांत असताना ०.३ व्होल्ट. चाक फिरवलं, ७ व्होल्ट! डाव्या बाजूला हाच आकडा ०.०३. अर्थच्या वायरीवर काम चालू असताना ०.१-०.२ पेक्षा जास्त व्होल्टेज दिसलं की समजावं, तिथं पाणी मुरतंय.

आता त्या किर्र आवाजाचा उलगडा झाला, आणि खरं सांगतो, बाराशे रुपयांचं दुःख थोडं कमी झालं. सिग्नल येतो डॅशवरून, त्याचा अर्थ चांगला. पण मोटरीतल्या पॉटेन्शिओमीटरचं खालचं टोक बसलंय खराब अर्थवर. मोटर सुरू झाली की ते टोक ० वरून ७ व्होल्टवर उचललं जातं, आणि त्याच्याबरोबर पॉटेन्शिओमीटरचं मधलं टोकही वर जातं. समजा पॉटेन्शिओमीटर ५.२ वर आहे आणि सिग्नल म्हणतोय ७.१. मोटर निघाली, निघता क्षणी पॉटेन्शिओमीटर दिसायला लागला ९ च्या वर. आयसीला वाटलं, अरे, आपण तर पुढं गेलो! थांबली. थांबताच करंट गेला, अर्थ परत खाली, पॉटेन्शिओमीटर परत ५.२. पुन्हा सुरू. हेच किर्र किर्र. उलट दिशेला चूक कमी न होता वाढते, म्हणून आयसी थांबत नाही, पण मोटरीच्या वाट्याला तीन-चार व्होल्टच आल्यानं ती जोर न लागता नुसती गुणगुणते. दोन दिशांचे दोन वेगळे आवाज, कारण एकच. म्हणजे वहीत उत्तर पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं.

मग बल्ब कसा लख्ख पेटत होता? त्याचं उत्तर बॉनेटखाली होतं. दोन वर्षांपूर्वी काकांनी जास्त उजेडासाठी १००/९० वॅटचे बल्ब आणि रिलेचं किट बसवून घेतलं होतं. किट बसवणाऱ्यानं बल्बांना नवीन अर्थ दिला आणि लेव्हलिंगचा अर्थ जुन्याच बोल्टवर राहू दिला. तो बोल्ट आमच्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली. ॲसिडच्या वाफेनं लग हिरवा-पांढरा होऊन फुगलेला. त्याच जुन्या अर्थवर उजवा पार्किंगचा दिवाही होता. तो चालू असता तर मिणमिणून त्यानं चुगली केली असती, पण तो केव्हाच उडाला होता आणि कुणी बदलला नव्हता.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. बॅटरीचा मायनस सोडला, बोल्ट काढला, लग कापून नवा लावला, बॉडीवरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चमकवला, दातेरी वायसर टाकून आवळलं, वरून व्हॅसलीन. आवळल्यानंतर व्हॅसलीन, आधी नाही. परत मोजलं: ०.०३ व्होल्ट. पट्टा खाली उतरला.

काम इथं संपलं नाही. मधल्या काळात कुणीतरी लोकांच्या तक्रारीवर उपाय म्हणून उजव्या दिव्याचा हाताचा स्क्रू पिळून ठेवला होता. तसं करूनही कट्टे टाकल्यावर डोळ्यांत जायचाच, आणि रिकाम्या गाडीत पुढचं दिसायचं नाही. तेव्हा गाडी रिकामी, ड्रायव्हरच्या जागी काका, चाक ० वर, टायरात हवा बरोबर, अशा स्थितीत भिंतीवर दिव्याच्या उंचीची खडूची रेघ मारली आणि दोन्ही पट्टे तिच्या खाली १० ते १२ सेंटीमीटरवर आणले. १००/९० चे बल्बही काढायला लावले. एच-फोर बल्ब मुळात ६०/५५ वॅटचा, रिफ्लेक्टर आणि होल्डर त्याच हिशोबानं केलेले. यावर काकांशी वाद झाला. त्या मोटारसायकलवाल्याची आठवण काढल्यावर ते गप्प बसले.

आणखी दोन गोष्टी पटकन. पावसाळ्यानंतर असा बिघाड दिसला तर आधी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का बघा. गाडी गोदामात उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा, आमच्याकडे हे नेहमीचं आहे. दोन्ही दिवे एकदम बंद आणि फ्यूज चांगला असेल तर डॅशवरच्या चाकाच्या सिग्नलला पायऱ्या पडतात का ते मोजा. मधलंच एखादं घर गायब असेल तर चाकाच्या आतला संपर्क झिजलेला असतो. नव्या गाड्यांत, जिथं हे काम मागच्या ॲक्सलजवळचा सेन्सर बघून आपोआप होतं, तिथं स्कॅनर लागतो. पण तिथंही सेन्सरचा अर्थ खराब झाला तर स्कॅनर सेन्सर बदलायला सांगण्याची शक्यता मोठी आहे.

दोन दिवसांनी पुन्हा तीन कट्टे घेऊन आम्ही पहाटे त्याच रस्त्यानं निघालो. चाक ३ वर. समोरून सहा-सात गाड्या आल्या, एकानंही डिपर मारला नाही. प्रत्येक वेळी काका माझ्याकडं बघत होते. नर्सी मागं गेल्यावर म्हणाले, "मोटर परत घेतंय का रे तो?"

घेतला नाही. जुनी म्हणून काढलेली, पण ठणठणीत असलेली ती मोटर मी होस्टेलला घेऊन आलो आहे. ज्यांना आतला पॉटेन्शिओमीटर आणि आयसी बघायची आहे त्यांनी रात्री मेस सुटल्यावर खोलीवर यावं. स्क्रू ड्रायव्हर स्वतःचा आणावा, माझा सबमिशनच्या वेळी कुणीतरी नेलेला अजून परत आलेला नाही.